सोमवार सोडून बोला

"सोमवार सोडून बोला."

त्याच्याकडे कुठलंही काम घेऊन जा, पहिलं वाक्य हेच. ब्रश दातांत आडवा धरलेला, हात कापडाला पुसत असायचा आणि शब्द ब्रशच्या दोन्ही बाजूंनी बाहेर यायचे. दुकानाची पाटी हवी? सोमवार सोडून बोला. ट्रकच्या दारावर कंपनीचं नाव? होईल, सोमवार सोडून बोला. कुणाकडे जेवण असो, वाढदिवस असो, नाहीतर क्रिकेटची मॅच असो, उत्तर तेच. ओमानमधल्या गाला भागातल्या आमच्या गल्लीत नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, हा शंकराचा भक्त असणार आणि कडक उपास करत असणार.

शंकराशी त्याचा काही संबंध नव्हता. तो वसईचा, कॅथलिक घरात जन्मलेला आणि पुढे स्वतःच्या मर्जीने मॉर्मन झालेला. मॉर्मन म्हणजे काय हे मला तेव्हा माहीत नव्हतं, तुम्हालाही नसेल तर लाजू नका. ख्रिस्ती लोकांतलाच एक पंथ, मूळ अमेरिकेतला. दारू नाही, सिगरेट नाही, इथवर ठीक. पण चहा नाही, कॉफीही नाही. आणि सोमवारची संध्याकाळ घरच्यांची. आई, बाप, मुलं एकत्र बसणार, प्रार्थना करणार, गाणं म्हणणार, कुणीतरी छोटासा धडा देणार, मग खेळ आणि शेवटी गोड. त्या वेळात बाहेरची दुनिया बंद.

मी श्रीवर्धनकडचा कोकणी मुसलमान. गालात रंगाच्या एका गोदामाचं स्टोअर मी चौदा वर्षं सांभाळतोय. त्याची पाट्या बनवणारी कंपनी आमच्या समोरच. दोन हजार बाराच्या सुमारास तो आला आणि पुढची पाच वर्षं सकाळी शटर उघडलं की आधी त्याचं तोंड दिसायचं. गल्ली त्याला 'आर्टिस्ट' म्हणायची, मीही तेच म्हणायचो. मला तो 'भाई' म्हणे. गल्लीत मराठी बोलणारे आम्ही दोघेच, त्यामुळे दोस्ती व्हायला काही कारण लागलं नाही.

मॉर्मन हा शब्द गल्लीत कुणीतरी मोबाइलवर शोधला आणि त्यातून एक बातमी निघाली. गॅरेजवाल्याने ती सगळ्यांसमोर काढली. "आर्टिस्ट, सुना है तुम लोगों में चार-चार शादी होती है?"

"बहुत पुरानी बात है वो," हा म्हणाला. "मेरा तो एक ही के साथ मंडे पूरा नहीं पड़ता."

सगळे हसले. मी जरा जास्तच हसलो. हाच प्रश्न लोक मला जन्मभर विचारत आले आहेत आणि इतकं चांगलं उत्तर मला एकदाही सुचलेलं नाही.

चहाचं मात्र मला कधी पटलं नाही. मी दिवसाला पाच-सहा कप पिणारा माणूस. गल्लीच्या तोंडाशी मलबारी चहावाल्याचं दुकान होतं. आम्ही दोघं तिथे उभे राहायचो, माझ्या हातात कडक चहा आणि त्याच्या हातात गरम पाण्यात पिळलेलं लिंबू. माझा ग्लास आला की तो किंचित वाकायचा आणि डोळे मिटून वास घ्यायचा.

"वास चालतो का?" मी एकदा विचारलं.

"अजून तरी कुणी नाही म्हणालेलं नाही," तो म्हणाला. "तुम्ही उगाच विचारायला जाऊ नका."

पाट्या लिहिणं ही त्याची नोकरी. चित्रकार तो पहाटे असायचा. जवळच घुब्ऱ्याला दोन खोल्यांचं घर, बायको आणि तीन मुलं. वहिनी एका दवाखान्यात नर्स. सोमवारची संध्याकाळ मोकळी मिळावी म्हणून त्या दुसऱ्यांना नको असलेल्या पाळ्या घ्यायच्या, त्यामुळे सकाळी त्या घरी असतीलच असं नाही. हा साडेचारला उठायचा. जेवणाच्या टेबलावर अर्ध्या भागात कागद लावून सहापर्यंत चित्र काढायचा. उरलेल्या अर्ध्या भागात मुलांचे डबे उघडे पडलेले. सहानंतर तो बाप. उपमा, डबे, दोन मुलींच्या वेण्या, मधल्याचे हरवलेले मोजे.

वेण्या तो फार सुरेख घालायचा. एकदा मोठीच्या रिबिनीला निळा रंग लागला आणि शाळेतून चिठ्ठी आली की रिबीन पांढरीच हवी. याने त्याच चिठ्ठीच्या मागे माफी लिहिली आणि शेजारी निळ्या रिबिनीतली एक रुसलेली मुलगी काढली. बाईंनी ती चिठ्ठी कधी परत केली नाही.

धाकटी टेबलाखालून पळाली की टेबल हलायचं आणि चित्रात नको तिथे थेंब पडायचा. थेंब पुसायचा नाही, असा त्याचा नियम. त्याची बकरी करायची, नाहीतर पक्षी. त्याच्या चित्रांत डोंगरावर, पाण्यात, एकदा तर मशिदीच्या घुमटाजवळसुद्धा बकरी दिसायची. मी म्हटलं, "ही तिथे चढली कशी?" तो म्हणाला, "धाकटीला विचारा."

आता सोमवारबद्दल. मी त्याला एकदा सरळच विचारलं की एवढं काय आहे त्या वारात. तो स्टूलवर बसून ट्रान्सपोर्टवाल्याच्या पाटीला कडा काढत होता. हात न थांबवता त्याने सांगितलं.

मुंबईत तो नाटक-सिनेमाचे सेट रंगवायचा. कामाला लागला की दिवस-दिवस घरी नाही. एकदा तीन आठवड्यांनी घरी गेला. बायकोने दार उघडलं. मोठी तेव्हा दोन वर्षांची, ती मागून डोकावली, याला नीट बघितलं आणि आईला म्हणाली, "मम्मी, अंकल."

"त्याच वर्षी पांढऱ्या शर्टातले दोन अमेरिकन मुलगे आमच्या दारात आले, धर्म सांगायला," तो म्हणाला. "त्यांच्या बाकीच्या गोष्टी पटायला मला वेळ लागला. वडील तर दोन वर्षं बोलले नाहीत माझ्याशी. पण सोमवार मला त्याच दिवशी पटला."

हे सांगताना तो हसत होता. मला हसू आलं नाही. माझी बायको आणि मुलगा गावाला, मी दोन वर्षांतून एकदा घरी जाणारा. पहिल्यांदा रजेवर गेलो तेव्हा मुलगा चार दिवस माझ्या जवळ आला नव्हता. मी गोदामात परत गेलो आणि उगाचच डब्यांचे ढीग नीट लावत बसलो. खरं सांगायचं तर त्याच्या सोमवारचा मला रागच यायचा. ज्याला परवडतं त्याची चैन, असं मी मनात म्हणायचो.

शहरातल्या कुरुम भागात एका बाईंची चित्रांची गॅलरी होती. तिथे याची चित्रं दाखवायला मीच त्याला ढकलून नेलं. बाईंना ती आवडली. पण लोकांना घरात लावायला मोठी चित्रं हवी असतात, म्हणाल्या. मोठी काढा, मग या.

"आमचं टेबल एवढंच आहे, मॅडम," तो म्हणाला.

बाईंना तो विनोद वाटला. तो विनोद नव्हता. अर्ध्या टेबलाहून मोठं चित्र त्याने मुंबई सोडल्यापासून काढलंच नव्हतं.

मग सोहारचं प्रकरण आलं. तिथल्या औद्योगिक वसाहतीत येणाऱ्या पाहुण्यांसाठी एक ओमानी शेठ हॉटेल बांधत होता. रंग आमच्याकडून जायचा. रंगांचे नमुने दाखवायला मी निघालो आणि रंगाची समज असलेला माणूस बरोबर असावा म्हणून याला घेतलं. मजलिसमध्ये, म्हणजे त्याच्या बैठकीच्या खोलीत, गाद्यांवर बसलो. खजूर आले, मागून लांब चोचीच्या पितळी किटलीतून कावा, म्हणजे अरबी कॉफी, आला. तुम्ही तिकडे राहिला असाल तर तुम्हाला ठाऊक आहे, पहिला कप नाकारणं म्हणजे यजमानाचा अपमान. याने खजूर घेतला आणि कप हलकेच मागे सारला.

मी कोपर मारलं. "एक घोट घे, बाबा. खुदा माफ करेल."

"भाई, तुमचा-माझा एकच आहे," तो पुटपुटला. "त्याला सगळं दिसतं."

शेठच्या भुवया वर गेल्या. याने शांतपणे खिशातून वही काढली आणि ती किटली काढायला घेतली. चोच, कड्या, झाकणावरचा शंख, वर थोडी वाफ. दोन मिनिटांत झाली असेल. मग वही दोन्ही हातांनी पुढे धरून म्हणाला, "अर्बाब, माफ करना. मैं पीता नहीं, लेकिन बनाता हूँ."

शेठने वही घेतली, नाकाजवळ नेली आणि मोठ्याने हसला. "वल्लाह, इसमें तो खुशबू भी है!" मग उठला आणि म्हणाला, "यल्ला, दीवार देखोगे?"

हॉटेलात शिरल्यावर समोर चाळीस फूट लांब कोरी भिंत होती. हा तिच्याजवळ गेला आणि तळहात टेकून बराच वेळ उभा राहिला. शेठला तिथे सोहारचा समुद्रकिनारा हवा होता, सकाळची मासळी उतरते तेव्हाचा. दोन महिने देतो, म्हणाला. "और कोने में अपना नाम लिखना. बड़ा."

परतीच्या वाटेवर बरका गाव येईपर्यंत हा तळहातावरची भिंतीची धूळ बघत बसला. मग म्हणाला, "भाई, मी आजवर किती पाट्या लिहिल्या असतील? सगळी दुसऱ्यांची नावं."

मी गाडी चालवत होतो. शेवटी विचारलं, "आणि सोमवार?"

"तेच बघतोय," तो म्हणाला.

बघितलं वहिनींनी. त्या म्हणाल्या, "भिंत तुमची, सोमवार आपला. दोन्ही करा." झालं. त्याच्या कंपनीने त्याला दोन महिने सोडलं आणि त्याचं येणंजाणं सुरू झालं. एका बाजूला अडीच तास. सोमवारी तीनला सोहारहून निघायचं, संध्याकाळी घर, मंगळवारी पहाटे परत. गुरुवारी संध्याकाळी पुन्हा घर, कारण ओमानात त्यांच्या चर्चचा रविवार शुक्रवारी. मी जुम्म्याच्या नमाजाला, तो त्याच्या प्रार्थनेला. शुक्रवारी तो ब्रशला हात लावत नसे.

इथे माझी चूक येते. ती मी अजून कुणाला सांगितलेली नाही, म्हणून इथे सांगतो.

भिंत जवळजवळ पुरी झाली होती. उद्घाटन एका मंगळवारी सकाळी दहाला ठरलं होतं, मोठे पाहुणे येणार होते. आधीच्या आठवड्यात एसी सुरू केला आणि उजवीकडच्या टोकाला प्लास्टरमधून खार वर आला. रंग फुगला. त्याने तेवढा भाग खरवडून काढला आणि मला फोन केला. "भाई, खार रोखणारा सीलर पाठवा. गुरुवारी सकाळी हवा."

मी विचार केला, गुरुवारी पाठवून काय उपयोग? दुपारनंतर हा घरी जाणार, शुक्रवारी हात लावणार नाही. शनिवारी आमची गाडी तशीही सोहारला जाणार होती, तिच्यात टाकला. आपण फार अक्कल चालवली असं मला वाटलं. कुणाला विचारलंही नाही.

शनिवारी त्याचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. "भाई, गुरुवारी लावला असता तर शुक्रवारी दिवसभर सुकला असता ना. शुक्रवारी मी काम करत नाही. भिंत करते."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. गेले दोन महिने तो असंच करत होता. गुरुवारी रंगाचा जाड हात मारायचा, शुक्रवारी प्रार्थनेला जायचा, शनिवारी येऊन बघतो तर भिंत तयार. त्याचा सगळा हिशेब त्या सुट्टीवर बसवलेला होता आणि ती सुट्टी मी फुकट घालवली होती.

सोमवारी मी स्वतःच उरलेले डबे पिकअपमध्ये टाकून सोहारला गेलो. हा परांचीवर. सकाळपासून उतरला नव्हता. होड्या आल्या होत्या, जाळी आली होती, टोपल्यांतली मासळी चमकत होती. उजव्या कोपऱ्यात एका दाराएवढी जागा अजून रंगवायची होती. तीन वाजले. तो खाली उतरला आणि ब्रश धुवायला लागला.

साइटचा इन्चार्ज धावत आला. "पागल हो गया क्या? कल दस बजे मेहमान हैं!"

"सुबह साढ़े छह को आता हूँ. तीन घंटे का काम है. दस के पहले खलास."

"और नहीं हुआ तो?"

"तो मेरी गलती."

इन्चार्ज शिव्या देत निघून गेला. आता मी भडकलो. "अरे, एक सोमवार! आयुष्यात एक! मुलं काय पळून जाणार आहेत?"

"मुलंच पळतात, भाई," तो ब्रश झटकत म्हणाला. "भिंत उभी राहते."

मग खरं कारण सांगितलं. मधला मुलगा बोलताना अडखळायचा. शाळेत तर तोंडच उघडायचा नाही. सोमवारचा धडा घरात पाळीपाळीने असे आणि तो दर वेळी आपली पाळी मोठीला देऊन टाकायचा. या वेळी पहिल्यांदाच त्याने पाळीच्या कागदावर धड्यासमोर स्वतःचं नाव स्वतः लिहिलं होतं. आठवडाभर आरशासमोर तयारी चालली होती. "मी नसेन तर तो म्हणेल, पुढच्या वेळी. मग ती पुढची वेळ येत नाही. मला ठाऊक आहे."

त्याला मी माझ्याच गाडीतून आणलं. वाटेत बरक्याला हलवा घेतला, कारण त्याने मलाही घरी ओढलं. फ्रिजवर एक कागद चिकटवला होता. प्रार्थना, गाणं, धडा, खेळ, गोड, प्रत्येकासमोर एकेक नाव. मी आत शिरल्याबरोबर धाकटीने 'गोड' समोरचं आपलं नाव खोडलं आणि तिथे 'भाई अंकल' लिहिलं.

प्रार्थना झाली. गाणं झालं. आर्टिस्ट इतकं बेसूर गातो हे मला एवढ्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मग मधला उभा राहिला, हातात घड्या पडलेला कागद. विषय होता नूहची बोट. ते त्याला नोहा म्हणतात, आमचा नूह. गोष्ट तीच. मला फार बरं वाटलं की निदान गोष्ट ओळखीची आहे.

बोटीतल्या जनावरांना खायला काय दिलं असेल, यावरच त्याचा सगळा धडा होता. अर्धा इंग्रजीत, अर्धा मराठीत. हत्तीपर्यंत बरा आला. जिराफाशी अडकला. "जि... जि..." डोळे मिटले, मान ताठ झाली. खोलीत कुणी हललं नाही. मला राहवेना. शब्द माझ्या जिभेवर आलाच होता, तेवढ्यात आर्टिस्टने माझा गुडघा घट्ट दाबला. त्याच्या बोटांवर किनाऱ्याचा निळा रंग तसाच होता.

"जिराफ," पोरगा म्हणाला. आणि पुढे सुटलाच. जिराफ उंच म्हणून त्याच्यासाठी बोटीच्या छपराला भोक ठेवलं होतं, त्यातून पाऊस आत यायचा, मग नोहाची बायको ओरडायची. वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. आर्टिस्ट अगदी गंभीरपणे मान हलवत होता, मास्तरांसमोर बसल्यासारखा.

हलवा वाटताना धाकटी माझ्या शेजारी येऊन बसली. "भाई अंकल, तुम्हाला किड्स आहेत?"

"आहे. एक मुलगा."

"कुठे आहे?"

"गावाला."

तिने जरा विचार केला. "मग त्याचा मंडे कोण करतं?"

वहिनींनी घाईघाईने तिला पाणी आणायला पाठवलं. मी हलव्याकडे बघत राहिलो.

मंगळवारी पहाटे चारला आम्ही निघालो. साडेसहाच्या आधी पाच मिनिटं हॉटेलच्या फाटकाशी पोचलो. फाटक बंद. पाहुणे मोठे म्हणून पहाटेच सगळी इमारत तपासली होती, आता कार्यक्रम संपेपर्यंत कामगाराला आत सोडायचं नाही असा हुकूम. याने पास दाखवला, मी शेठचं नाव घेतलं, इन्चार्जला फोन लावले. इन्चार्जने एकदा उचलला आणि म्हणाला, "कल बोला था ना?" मग बंद केला.

आम्ही पिकअपमध्ये बसून राहिलो. त्याच्या मांडीवर रंगांचा डबा होता, रात्रीच मिसळून ठेवलेले रंग, वर ओलं फडकं टाकलेलं. ते वाळायला लागलं की तो बाटलीतलं पाणी शिंपडायचा. दहा वाजले. गाड्या आल्या, टाळ्या ऐकू आल्या. त्याने फडक्यावर पाणी शिंपडणं थांबवलं.

"माझ्यामुळे झालं," मी म्हणालो.

"तुमच्यामुळे दोन दिवस गेले," तो म्हणाला. "ते खरं आहे. पण काल तीनला मी उठलो तो माझ्या मनाने. त्याचं खापर तुम्ही घेऊ नका."

त्याने डब्याचं झाकण लावलं. "त्याने जिराफ म्हटलं तेव्हा मी समोर होतो. मला पुरतं तेवढं."

"पुरतं?"

तो समोरच्या झेंड्यांकडे बघत राहिला. "नाही पुरत, भाई. फार वाईट वाटतंय. पण पुरवून घेईन."

इन्चार्जने त्या कोऱ्या कोपऱ्यासमोर ताडाची भली मोठी कुंडी उभी केली होती. पाहुण्यांना काही कळलं नाही. भिंतीचं सगळ्यांनी कौतुक केलं म्हणे. कुणाचं काम, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. नंतर हा दोनदा सोहारला गेला. दोन्ही वेळा इन्चार्ज म्हणाला, काम हँडओव्हर झालं, खलास. मी शेठकडे जायला निघालो होतो, यानेच अडवलं. एका कुंडीसाठी कशाला त्यांना त्रास, म्हणाला. मला वाटतं, तिथे जाऊन 'माझं नाव लिहायचं राहिलं' असं म्हणायची त्याला लाज वाटली. त्या बाबतीत तो भिडस्तच होता.

तो कुढत बसला असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं काही झालं नाही. आठवडाभर तेवढा पहाटे उठला नाही. मग पुन्हा अर्धं टेबल सुरू. वर्षभराने कुरुमच्या त्या बाईंनी आपणहून फोन केला. त्याची बारा छोटी चित्रं त्यांनी एका भिंतीवर एका ओळीत खेटून लावली. लांबून बघितलं की एक लांब चित्र दिसायचं, जवळ गेलं की बारा वेगवेगळ्या सकाळी. उद्घाटन सोमवारी करू या, बाई म्हणाल्या होत्या. उत्तर तुम्हाला ठाऊकच आहे. बुधवारी झालं. मधल्याने पाहुण्यांना सगळ्या बकऱ्या दाखवल्या, कुठला थेंब कुणी पाडला ते सांगत. मध्येमध्ये अडखळत होता, पण थांबत नव्हता.

मीही एक वार धरला. वेगळा कुठला शोधायचा, सोमवारच धरला. पहिल्या सोमवारी फोन केला तर मुलगा घाबरून म्हणाला, "काय झालं, अब्बा?" काही नाही, म्हटलं. मग मी पावसाचं विचारलं, त्याने माझ्या जेवणाचं, आणि फोन संपला. तिसऱ्या-चौथ्या सोमवारी त्याने विहिरीत पडलेल्या कासवाची हकीकत सांगितली. पुढे पुढे त्याच्याकडे सांगण्यासारखं इतकं साठायचं की बायकोची पाळीच यायची नाही.

मोठीच्या कॉलेजचं निघालं तेव्हा आर्टिस्टचं कुटुंब वसईला परत गेलं. तिथे तो एका शाळेत चित्रकला शिकवतो. समोरच्या कंपनीत आता मशीनवर पाट्या निघतात. माझा चहा चालूच आहे. शेजारी ग्लासाकडे वाकणारं कुणी नाही, म्हणून मी हल्ली तो घाईतच पितो.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मी बायकोला आणि मुलाला व्हिजिट व्हिसावर आणलं. मुलाला मिसरूड फुटायला लागलं होतं. एके दिवशी सोहारला नेलं, त्या हॉटेलात चहा प्यायला. बायको भिंतीसमोर उभी राहून होड्या मोजत होती. मी मुलाला म्हटलं, जरा हात लाव. दोघांनी मिळून ती कुंडी वीतभर सरकवली.

मागचा कोपरा तसाच होता. कुणी रंगवला नव्हता, कुणी पुसलाही नव्हता. पेन्सिलीच्या रेषांत एक म्हातारा जाळं सांधत बसला होता. रंग भरायच्या आधी तो स्वतःसाठी भिंतीवरच बारीक अक्षरात टिपून ठेवायचा, तीही अक्षरं होती. मराठीत. मुलगा गुडघ्यांवर बसला आणि एकेक वाचायला लागला. "इथे ऊन." "निळा कमी." "म्हाताऱ्याचा हात परत बघ." मग आणखी वाकला. अगदी तळाशी, कोपऱ्यात, एक छोटी चौकट आखलेली होती आणि तिच्यात लिहिलं होतं, 'सही मंगळवारी'.

"कोणाची सही, अब्बा?"

रिसेप्शनवरचा माणूस आमच्याकडे येत होता. मी मुलाला आर्टिस्टचं नाव सांगितलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. रिसेप्शनवरच्याने काही विचारलं नव्हतं, तरी त्यालाही सांगितलं.